वॉशिंग्टन घराण्याचा शोध

जॉर्ज वॉशिंग्टन हें नांव उच्चारतांच तुमच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें, हें सांगावयास नको. चेरीचें झाड, हातांत कुऱ्हाड, आणि बापापुढें खरें बोलणारा सहा वर्षांचा मुलगा! ही गोष्ट मेसन वीम्स नामक एका फिरत्या ग्रंथविक्या उपदेशकानें लिहिलेल्या चरित्राच्या १८०६ सालच्या आवृत्तींत प्रथम छापली गेली. तिला दुसरा आधार कोठेंहि मिळत नाहीं. सत्यवचनाची थोरवी सांगणारी कथाच बहुधा रचलेली निघावी, हें जरा गमतीचेंच आहे. तेव्हां ती बाजूस ठेवून, अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतीच्या या जमीनदाराचें घराणें मूळ कोठलें, आणि तें कोणत्या कागदांवरून शोधून काढण्यांत आलें, हें आज पाहूं.

असल्या शोधाचीं साधनें मुख्यतः दोन. एक जमिनीचे कागद, म्हणजे दानपत्रें, खरेदीखतें, मृत्युपत्रें इत्यादि. दुसरें साधन पॅरिशच्या नोंदवहीचें. पॅरिश म्हणजे एका धर्मोपदेशकाकडे सोंपविलेला टापू. इंग्लंडांत आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें १५३८ सालीं असा हुकूम काढला, कीं प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मे, विवाह व प्रेतविधि यांची वही ठेवावी. या दोन्ही साधनांचे गुण जसे निराळे, तसे दोषहि निराळे. जमिनीचा कागद बांध, ओढे, किंमत आणि हक्क यांविषयीं अगदीं काटेकोर असतो. पण जमीन घेणाऱ्याचें वय काय व आई कोण, याच्याशीं त्यास कर्तव्य नसतें. पॅरिशची वही जन्ममृत्यु सांगते. परंतु "लॉरेन्सचा मुलगा जॉन" एवढेंच लिहून ती स्वस्थ बसते. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा आणि तीर्थोपाध्यायांची वही हीं दोन्हीं ज्यानें हाताळलीं असतील, त्यास ही अडचण नवी नाहीं. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल जेथें आहे, तेथें एकाच नांवाच्या दोन माणसांची गल्लत व्हावयास वेळ लागत नाहीं.

अशी गल्लत प्रत्यक्ष घडलीहि. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असतांना १७९१ सालच्या अखेरीस लंडनचे सर आयझॅक हर्ड यांनीं त्यांस पत्र लिहून कुळाची माहिती विचारली. घराण्यांचीं ढालचिन्हें व वंशावळी तपासणाऱ्या सरकारी कचेरीचे हे मुख्य. वॉशिंग्टननीं २ मे १७९२ रोजीं उत्तर दिलें, त्याचा आशय असा, कीं या विषयाकडे मीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं. मूळ पुरुष इंग्लंडच्या उत्तरेकडील कोणत्या तरी परगण्यांतून आला, असें घरांतील वडील माणसांकडून ऐकलें आहे. हर्ड यांनीं कागद धुंडाळून नॉर्थॅम्प्टनशरमधील सल्ग्रेव्ह येथील वॉशिंग्टन घराणें हेरलें. त्यांत जॉन व लॉरेन्स असे दोन भाऊ होते. व्हर्जिनियांत गेलेले दोघे भाऊहि जॉन व लॉरेन्सच! मग काय विचारतां? वंशवृक्ष जुळला, आणि पाऊणशें वर्षें तो सर्वमान्य राहिला.

१८६६ मध्यें लंडनमध्यें राहणाऱ्या जोसेफ चेस्टर या अमेरिकन संशोधकानें हा वृक्ष मुळापाशींच तोडला. त्यानें दाखवून दिलें, कीं सल्ग्रेव्हच्या शाखेंतील तो जॉन म्हणजे थ्रॅप्स्टनचा सर जॉन वॉशिंग्टन, आणि तो लॉरेन्स म्हणजे एक पदवीधर धर्मोपदेशक. हे दोघेहि इंग्लंडांतच राहिले. केवळ नांवें जुळलीं म्हणून माणसें जुळत नाहींत. मला चेस्टरचें काम फार मोलाचें वाटतें, कारण त्यानें जुनें उत्तर मोडलें, पण त्याच्या जागीं दुसरें कच्चें उत्तर घाईनें बसविलें नाहीं.

खरें उत्तर तेवीस वर्षांनंतर, १८८९ सालीं, मॅसॅच्युसेट्सच्या सेलेम गांवचे हेन्री वॉटर्स यांनीं प्रसिद्ध केलें. लंडनच्या दप्तरांत जुनीं मृत्युपत्रें वाचीत वर्षानुवर्षें बसणारा हा गृहस्थ. त्यांच्या हातीं ट्रिंग या गांवच्या अँड्र्यू नोलिंग याचें मृत्युपत्र आलें, तें १६५० साली शाबीत झालेलें. त्यांत नोलिंगनें आपली सावत्र कन्या अँफिलिस वॉशिंग्टन हिच्या मुलांचीं नांवें दिलीं आहेत: लॉरेन्स, जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट व मार्था. लॉरेन्स हा नोलिंगचा धर्मपुत्र; त्यास त्यानें जमीन ठेविली. ट्रिंगच्या पॅरिशची वही पाहतां लॉरेन्सचा बाप्तिस्मा २३ जून १६३५ रोजीं झाल्याचें दिसतें; पुढें एलिझाबेथ व विल्यम यांच्याहि नोंदी आहेत. जॉनची नोंद मात्र त्या वहींत नाहीं. ती पोकळी दुसऱ्या एका कागदानें भरून काढिली. अँफिलिस वारल्यावर तिच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा अधिकार फेब्रुवारी १६५६ मध्यें तिचा मुलगा जॉन यास मिळाल्याचें दप्तरांत लिहिलेलें आहे. इकडे व्हर्जिनियांत जॉन वॉशिंग्टनच्या १६७५ सालच्या मृत्युपत्रांत इंग्लंडहून येणाऱ्या एका बहिणीस पैसे व तंबाखू ठेविलेली आढळते, आणि त्या बहिणीचें नांव मार्था! भाऊ जॉन, भाऊ लॉरेन्स, बहीण मार्था. एक नांव जुळणें हा योगायोग असूं शकतो. भावंडांचा सबंध संच जुळणें ही गोष्ट निराळी.

आणि या मुलांचा बाप कोण? हर्ड यांनीं ज्यास व्हर्जिनियास धाडलें होतें, तोच धर्मोपदेशक लॉरेन्स! म्हणजे हर्ड यांचें घराणें बरोबर होतें, एक पिढी तेवढी चुकली होती. ज्यांस त्यांनीं परदेशीं गेलेले भाऊ मानलें, ते वास्तविक त्या भावांचे चुलता व पिता होते.

या धर्मोपदेशकाची हकीकत करुण आहे. पणजोबानें, म्हणजे नॉर्थॅम्प्टनचा नगराध्यक्ष झालेल्या एका लोंकरीच्या व्यापाऱ्यानें, १५३९ साली सल्ग्रेव्हची मठाची जमीन राजाकडून ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्स देऊन घेतली होती. ती पुढें घराण्याच्या हातून गेली. लॉरेन्स ऑक्सफर्ड येथें शिकला, फेलो झाला, आणि एसेक्समधील पर्ली या चांगल्या उत्पन्नाच्या पॅरिशवर नेमला गेला. यादवी युद्धांत १६४३ साली पार्लमेंटच्या पक्षानें, तो दारूच्या गुत्त्यांत असतो असा ठपका ठेवून, त्यास काढून टाकलें. तो राजाच्या पक्षाचा होता हें ध्यानांत घेतां, या आरोपांत मद्य किती व राजकारण किती हें ठरविणें कठीण आहे. पुढें एका गरीब पॅरिशवर त्यानें दिवस काढले. माल्डन येथील वहींत त्याचें दफन २१ जानेवारी १६५२ असें लिहिलें आहे. परंतु आपल्या गणनेनें तें साल १६५३ होय.

हें असें कां, तें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें, कारण जुनी वही वाचणारा येथेंच हमखास घसरतो. १७५२ पूर्वीं इंग्लंडांत व त्याच्या वसाहतींत वर्षाचा आरंभ २५ मार्चला होत असे. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी व मार्चचे पहिले चोवीस दिवस सरत्या वर्षांतच मोजले जात. शिवाय १७५२ मध्यें नवें पंचांग स्वीकारतांना अकरा दिवस गाळण्यांत आले. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म कुटुंबाच्या बायबलांत ११ फेब्रुवारी १७३१ व १७३२ अशा जोडसालानें लिहिलेला आहे. आज आपण तो २२ फेब्रुवारी १७३२ मानतों. त्याच नोंदींत ५ एप्रिलचा बाप्तिस्मा व धर्ममातापित्यांचीं नांवेंहि आहेत.

निर्धन झालेल्या या धर्मोपदेशकाचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारी गलबतावर अधिकारी होऊन व्हर्जिनियास गेला. १६५७ च्या आरंभीं पोटोमॅक नदींत तें गलबत उथळ पाण्यांत रुतलें, आणि जॉन तेथेंच राहिला. तेथील जमीनदार नॅथॅनिएल पोप याच्या ॲन या मुलीशीं त्याचा विवाह झाला, व सासऱ्यानें मॅटॉक्स ओढ्याकांठची ७०० एकर जमीन दिली. त्यांच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा पत्ता मात्र फारच चमत्कारिक ठिकाणीं लागतो. जॉननें गलबताच्या मालकाविरुद्ध, समुद्रप्रवासांत एका स्त्रीस चेटकीण म्हणून फांशीं दिल्याबद्दल, मेरीलंडच्या गव्हर्नराकडे तक्रार केली होती. सुनावणीची तारीख आली तेव्हां त्यानें ३० सप्टेंबर १६५९ रोजीं लिहून कळविलें, कीं त्या वेळीं मुलाचा बाप्तिस्मा करावयाचा असून पाहुण्यांस आमंत्रणें गेलीं आहेत, सबब येतां येत नाहीं. साक्षीदार आला नाहीं, आरोपी सुटला. तो मुलगा लॉरेन्स, जॉर्जचा आजोबा. बाप्तिस्म्याची बातमी फौजदारी दप्तरांत मिळावी! आणि त्या मेलेल्या स्त्रीस न्याय मिळाला नाहीं, हेंहि त्याच पानावर आहे.

यापुढचा वंश जमिनीच्या कागदांतून सरळ चालत येतो. जॉन व निकोलस स्पेन्सर यांस १६७४ साली लिटल हंटिंग क्रीक येथें ५,००० एकर मिळाले. वांटणीनंतरचा अर्धा भाग लॉरेन्सकडे, त्याच्याकडून त्याची मुलगी मिल्ड्रेड हिच्याकडे गेला. १७२६ मध्यें तिनें तो १८० पौंडांस आपला भाऊ ऑगस्टीन यास विकला. ऑगस्टीनचा वडील मुलगा लॉरेन्स यानें त्यास माउंट व्हर्नन हें नांव दिलें, आणि अखेर त्याच्या विधवेच्या मृत्यूनंतर १७६१ मध्यें ती मिळकत जॉर्जची झाली. पुढच्याच वर्षीं तो ट्रुरो पॅरिशच्या पंचांत निवडला गेला. जमीन व पॅरिश या दोन्ही वह्यांत आतां त्याचें नांव बसलें.

पण याच जमिनीच्या कागदांत दुसरींहि माणसें आहेत. व्हर्जिनियांत जो दुसऱ्याच्या प्रवासाचें भाडें भरी, त्यास माणशी पन्नास एकर मागतां येत. भाडें ज्यांचें भरलें त्यांचीं नांवें दानपत्राच्या अखेरीस लिहीत. जमीन मात्र भाडें भरणाराची. कित्येक गरीब नोकरांची एवढीच आठवण या जगांत उरली आहे. गुलामांची स्थिति याहूनहि वाईट. कांहीं पॅरिशच्या वह्यांत, उदाहरणार्थ विल्यम्सबर्गच्या ब्रुटन पॅरिशच्या, गुलाम मुलांचे बाप्तिस्मे लिहिलेले आहेत, पण पित्याच्या जागीं बहुधा मालकाचें नांव. गुलामांचा विवाह व्हर्जिनियाचा कायदा मानीतच नसे. मग तो कोण लिहिणार?

म्हणून माउंट व्हर्ननवरील गुलाम कुटुंबांचा शोध घेणारांस वॉशिंग्टनच्याच हातच्या एका यादीवर अवलंबावें लागतें. मृत्यूपूर्वीं सहा महिने, १७९९ मध्यें, त्यानें तेथील ३१७ गुलामांची ही यादी केली. नांव, वय, काम, पति किंवा पत्नी कोण व कोणत्या शेतावर, हें सर्व तींत आहे. पॅरिशच्या वहीनें जें करावयाचें, तें येथें मालकानें, मृत्युपत्राच्या तयारीसाठीं केलें. स्वतःच्या गुलामांस त्यानें मृत्युपत्रानें मुक्ति दिली, आणि पत्नी मार्था हिनें १ जानेवारी १८०१ रोजीं त्यांस मोकळें केलें. परंतु १५३ जण मार्थाच्या पहिल्या पतीच्या मिळकतीचे असल्यामुळें, त्यांस मुक्त करण्याचा हक्क कायद्यानें दोघांपैकीं कोणासच नव्हता. १८०२ मध्यें ती वारल्यावर त्यांची वांटणी तिच्या चार नातवंडांत झाली. कित्येक घरांत नवरा मुक्त, व बायको आणि मुलें गुलाम, असें झालें. त्यांचे वंशज आज याच यादीपासून मागें जाऊं लागतात. वॉशिंग्टन घराण्याचा माग ११८३ सालच्या डरॅमच्या बिशपच्या जमीनपाहणीपर्यंत लागतो. या कुटुंबांच्या बाबतींत मात्र १७९९ च्या मागचें पान उलटलें, कीं बहुधा एकच पहिलें नांव दिसतें, आणि त्यासमोर मालकाचें.