गच्चीवरचे पाणी

इंदूरच्या आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने वर चढवून आणलेले असते. सन १९७८ पासून शहराची तहान मुख्यतः त्यावर भागते. आणि आपल्याच गच्चीवर पडलेले पाणी मात्र आपण पन्हाळीतून गटारात सोडतो, मग मे महिन्यात टँकरची वाट पाहतो!

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गच्ची ५० चौरस मीटर असेल आणि २५ मिलीमीटर पाऊस झाला, तर १,२५० लिटर. उडालेले, जिरलेले वजा जाता १,००० लिटर तरी हाती लागावे. म्हणजे एका पावसात घरची टाकी भरली! कमी पडतो तो पाऊस नव्हे, भांडे. म्हणून हे पाणी फरशी, कपडे, संडास यांना रोजच्या रोज वापरून टाकी रिकामी करत राहावे. जास्तीचे गाळून शोषखड्ड्यात सोडावे. उन्हाळ्यात बोअरला त्याचाच आधार होतो.

पावसाआधी गच्ची झाडून घ्या, पहिल्या एकदोन सरी वाहू द्या. हे पाणी पिऊ नये. पिंपावर फडके घट्ट बांधा, नाहीतर आठ-दहा दिवसांत डास होतात. (आम्ही एकदा विसरलो आणि शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली.)

येत्या पावसात सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवा, पट्टीने पाणी मोजा आणि गच्चीच्या क्षेत्रफळाने गुणा. आकडा आईबाबांना दाखवा. शाळेच्या छपराचा हिशेब विश्वस्त मंडळींनी मुलांकडूनच करून घ्यावा.