पोटावर जाऊ नका

फुप्फुसाच्या कर्करोगावर माझी केमो चालू होती, तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणायचा, ‘काका, तब्येत छान ठेवलीत हो!’ पोट जागेवर होतं ना! अंगठी मात्र बोटात राहीना म्हणून बायकोने तिला दोरा गुंडाळून दिला होता, आणि विरार लोकलमध्ये चढताना दांडा धरलेला हात सुटेल की काय, अशी धास्ती वाटायची.

६ महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोंहून अधिक, तर ते गंभीर मानतात. पण अंगावर चरबी किंवा पायांवर सूज असली की काटाही फसवतो. आजार स्नायू खातो. केमोचे बरेचसे डोस उंची-वजनावरून ठरतात. त्या वजनात स्नायू किती, हे हिशेबात येत नाही. स्नायू कमी असलेल्यांना औषधाचा त्रास जास्त होतो, मग डोस घटवावा लागतो नाहीतर तारीख पुढे जाते.

त्यात आपल्याकडचे सल्ले! ‘साखर कॅन्सरला पोसते, गोड बंद. मासे-अंडी उष्ण, तीही बंद.’ अहो, उपाशी शरीर साखर स्वतःच बनवतं, तीही स्नायू मोडून. खाऊन गाठ विरघळत नाही, हे खरं. पण उपचार झेपायला अंगात काहीतरी लागतं.

आहारतज्ज्ञ साधारणपणे वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगतात. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे गणित डॉक्टरांनाच विचारा. तोंडाला धातूची चव येते तेव्हा ताट भरून वाढू नका. दर दोन तासांनी थोडं द्या. मला ताज्या बोंबलाचं पातळ कालवण जायचं, डाळ नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना मात्र बाहेरचं, उघड्यावरचं नको. झेपेल तेवढं चालाही. नुसतं खाऊन स्नायू धरत नाहीत.

वसईहून परळला टाटा रुग्णालयात जायचं म्हणजे पहाटेची गाडी आणि दिवसभराच्या रांगा. दिवस चहा-बिस्किटावर निघतो. पिशवीत उकडलेली अंडी, शेंगदाण्याचा लाडू, आगाशीकडची सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी ठेवा. आणि फाइलमध्ये महिन्या-महिन्याचं वजन लिहिलेला कागद असू द्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तो पुढे करा, आणि आहारतज्ज्ञांकडे जाण्यासाठीची चिठ्ठी पहिल्या केमोआधीच मागून घ्या.