नंदाघरची ठेव

गोपाळकाल्याच्या कीर्तनात गोकुळ येते, यशोदामाई येते, शिंक्यावरचे लोणी येते. पण एक गोष्ट आपण हसतखेळत ओलांडून जातो. ती ही की, परमात्मा परक्या घरी वाढला. जन्म मथुरेच्या बंदिशाळेत आणि पालनपोषण यमुनेपलीकडे नंदाच्या वाड्यात. आईबापांच्या घराबाहेर वाढणारे लेकरू म्हटले की आपल्याला सरकारी कागद आठवतो. पण हा प्रसंग प्रत्यक्ष भगवंतांनी भोगला आहे. म्हणून या महिन्याच्या पाठात त्याचाच थोडा विचार करू.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधाचा पंचेचाळिसावा अध्याय काढावा. कंसवध झाला आहे, देवकी-वसुदेव बेडीतून सुटले आहेत, आणि रामकृष्ण नंदबाबांना निरोप देत आहेत. तेथे भगवंत बोलतात त्याचा भाव असा की, ज्या लेकरांचे पोषण आणि रक्षण स्वजनांना जमले नाही, म्हणून ज्यांना दूर ठेवावे लागले, त्यांना जे पोटच्या पोरासारखे वाढवतात, तोच बाप आणि तीच आई.

यातले दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. पहिला ‘अकल्प’. कल्प म्हणजे समर्थ, अकल्प म्हणजे असमर्थ. मूळ आईबापांना भगवंतांनी दुष्ट म्हटले नाही, निर्दय म्हटले नाही, असमर्थ म्हटले. वसुदेव कंसाच्या कैदेत होता, त्याने काय करावे? आजही कुणाचा बाप तुरुंगात असतो, कुणाची आई दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली असते, कुणाचे दोघेही गेलेले असतात. अशा लेकरासमोर ‘तुझ्या आईने तुला टाकले’ असे म्हणणाऱ्याने हा शब्द आधी नीट वाचावा.

दुसरा शब्द ‘स्वपुत्रवत्’. यातला ‘वत्’ हा प्रत्यय सादृश्य दाखवतो. पुत्र असे नव्हे, पुत्रासारखा. संगोपनाचे सगळे शास्त्र या एका प्रत्ययात आहे. प्रेमात उणे नाही आणि मालकीत अधिक नाही. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधले ते आईच्या हक्काने. अक्रूर रथ घेऊन आला तेव्हा तीच पोटात कालवाकालव सोसून मागे राहिली. वाढवायचे सगळे आणि वेळ आली की परत द्यायचे, याला ठेव म्हणतात. ठेव सांभाळणारा सावकार नसतो, विश्वस्त असतो.

कुणी म्हणेल, महाराज, हे पुराणातले झाले. तर आमच्याच दिंडीतली गोष्ट सांगतो. १९९६ सालच्या आषाढीत वाखरीच्या तळावर तीनएक वर्षांचा एक मुलगा आमच्या राहुटीपाशी रडत सापडला. नाव विचारले तर ‘बाळ्या’ म्हणे, गाव सांगता येईना. दिंडीत एक मूलबाळ नसलेली माउली होती. तिने त्याला भाकरी कुस्करून दूध घातले, न्हाऊ घातले, पदराखाली घेऊन निजवले. तिने आम्हांला विचारले, ‘बुवा, काय करू?’ आम्ही टाळ बाजूला न ठेवताच बोलून गेलो, ‘पांडुरंगाने दिलाय, ठेव.’ चौकीवर कळवावे, हे आमच्या डोक्यात आलेच नाही.

पुढे पौर्णिमेला गोपाळपुरात काल्याच्या गर्दीत एक बाई फुटक्या आवाजाने हाका मारत येताना दिसली. नवमीपासून ती वाळवंट, घाट, मठ, धर्मशाळा पालथी घालत होती. पायाला चिंध्या बांधलेल्या. मुलाने तिला पाहिले, पण लगेच धावला नाही. आधी आमच्या माउलीच्या पदराला बिलगला. सहा दिवसांत तो तिलाही आई म्हणू लागला होता. त्या माउलीनेच त्याची बोटे सोडवली आणि त्याला त्याच्या आईच्या कडेवर दिले. मग ती चंद्रभागेकडे तोंड करून बसली, ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. आमच्या एका वाक्याने दोन आया रडल्या. त्या दिवशी काल्याचे कीर्तन आम्ही केले खरे, पण यशोदेचे नाव घेताना जीभ जड झाली.

पंढरी ही माहेर खरीच. पण माहेरीही लेकरे हरवतात, आणि कधी मुद्दाम सोडलीही जातात. एकोणिसाव्या शतकात फसलेल्या विधवांची तान्ही मुले येथे टाकली जात. ते पाहून १८७५ साली येथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी प्रार्थना समाजाच्या साहाय्याने पंढरपुरात बालकाश्रम काढला. त्यांचा पंथ वेगळा होता, पण काम विठोबाच्या अंगणातले होते.

आता आजचा व्यवहार सांगतो, कारण भाव असून उपयोग नाही, वाटही माहीत हवी. सापडलेले मूल परस्पर घरी नेऊ नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत पोलिसांना, १०९८ या दूरध्वनीवर किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवावे लागते. आधी घरच्यांचा शोध होतो. ज्या आईने नाइलाजाने मूल समितीच्या स्वाधीन केले, तिलाही फेरविचाराला साठ दिवस मिळतात. कोणी ‘गरिबाचे मूल आहे, घेऊन टाका’ म्हणून परस्पर हाती देऊ लागला, तर घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.

शंका अशी येते की, दत्तक आणि संगोपन यांत भेद काय? समाधान असे. दत्तकाने मुलाचे जुने नाते सुटते आणि नवे घर कायमचे त्याचे होते. त्याचा हुकूम २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी देतात. संगोपनात मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहते, मूळ नाते शाबूत असते. केंद्राच्या २०२४ च्या नियमांनी एकट्या स्त्री-पुरुषालाही असे मूल सांभाळण्याची वाट मोकळी केली. मूल सहा वर्षांहून मोठे हवे. दोन वर्षे सांभाळल्यावर, मूल दत्तकास मोकळे असेल, तर दत्तकही घेता येते. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. आत्या, मामा, आजी यांनी सांभाळलेल्या मुलासाठीही तिचे साहाय्य मिळू शकते. आश्रम हा शेवटचा उपाय समजावा. घर मिळत असेल तर मुलाला घर द्यावे.

घर दिले म्हणजे झाले असेही नाही. गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली. देव तिच्या जात्यावर बसला हे आपण आनंदाने गातो. पण परक्या घरातले पोर जात्यावर बसले होते, हे लक्षात घेत नाही. देवाला दळू लागावे लागले, यातच आपल्याला शिकवण आहे. सांभाळायला आणलेल्या मुलीच्या हाती आधी पाटीपुस्तक द्यावे, झाडू नंतर. घरच्या मुलाला जे ताटात, तेच तिच्या ताटात.

आणि आपल्याच घरचे एक बोलणे राहिले. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून मुलांना आळंदीला ठेवण्याची रीत आपल्यात रुजली. ती चांगलीच आहे. परंतु गाथा-ज्ञानेश्वरी शिकायला ठेवलेले लेकरू हेही परघरचेच लेकरू. आईबापांनी ठेवताना जागेची नोंदणी पाहावी, अधूनमधून न सांगता जावे, मुलाला एकटे घेऊन बसावे आणि त्याचे ऐकावे. त्याने काही सांगितले तर ‘महाराजांबद्दल असे बोलू नये’ म्हणून गप्प बसवू नये. जो खरा गुरू आहे, त्याला हिशेब मागितल्याचा राग येत नाही. ठेव ज्याची त्याने पाहायला येणारच.

आज आमच्या दिंडीत लहान मुलांच्या गळ्यात नाव, गाव आणि दूरध्वनीची चिठ्ठी असते. दिंडी निघण्याआधी आम्ही स्वतः ती तपासतो. गोपाळपुरातल्या त्या संध्याकाळचे ऋण एवढ्याने फिटत नाही, पण वारीला निघताना आपल्या दिंडीनेही एवढे करावे, ही हात जोडून विनंती.

रामकृष्णहरि.