ज्वलनास हवा आणि धुरास वाट : एक प्रात्यक्षिक पाठ

‘ज्वलनास प्राणवायू लागतो’ हे वाक्य प्राथमिक शाळेतील मुलांना पाठ असते. परंतु घरची चूल का धुमसते, हे त्यांस सांगता येत नाही. पालथ्या पेल्याखाली मेणबत्ती विझवून दाखविली की बहुधा हा पाठ संपतो. वास्तविक तो तेथून सुरू व्हावयास हवा.

दिव्याची उंच, अरुंद काचेची चिमणी, मेणबत्तीचा तुकडा, पत्र्याची पट्टी, उदबत्ती व थोडी ओली माती एवढे साहित्य पुरे. पेटती मेणबत्ती फळीवर चिकटवून तिच्यावर चिमणी ठेवावी आणि तळाची फट मातीने लिंपावी. वरचे तोंड उघडे असूनही ज्योत मंदावते व विझते. असे का व्हावे, हे मुलांना विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. मग चिमणी काढून मेणबत्ती पुन्हा पेटवावी, चिमणी पूर्ववत बसवावी आणि तिच्या तोंडात पत्र्याची पट्टी उभी सोडून तोंडाचे दोन भाग करावेत. आता ज्योत टिकते. उदबत्ती तोंडाशी धरली असता धूर एका बाजूने आत उतरतो व दुसऱ्या बाजूने वर येतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते हे खरे. पण तिच्या जागी येणाऱ्या थंड हवेस वेगळी वाट नसेल, तर दोन्ही प्रवाह एकाच तोंडात अडखळतात. पट्टी पुठ्ठ्याची घेऊ नये, ती पेटते. शिक्षकांनी हा प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून पाहावा.

येथून चुलीकडे वळावे. सिल्लोड तालुक्यात कापसाच्या पऱ्हाट्या व तुराट्या जळणास वापरतात. घाईत चुलीचे तोंड त्यांनी गच्च भरले, म्हणजे हवेची वाटच बुजते आणि फुंकणी हाती घ्यावी लागते. एक किलो वाळलेले लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे पाच घनमीटर हवा लागते. अडीच मीटर लांब, तितक्याच रुंद व उंच खोलीतील हवेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय. हे गणित मुलांकडूनच करवावे.

धुराड्याचा विचार या भागास नवा नाही. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्यातील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेल्या मातीच्या चुलीचा पुरस्कार केला आणि १९५३ मध्ये धूररहित स्वयंपाकघरांवर इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. मात्र धुराडे काजळीने भरले, किंवा खोलीत हवा येण्यास जागा नसली, तर उत्तम चूलही धूर उलटा टाकते.

पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग पुढेच आहे. ‘धूर नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत घातक आहे. हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी जवळ घेऊन निजणे, किंवा वारा लागू नये म्हणून बंद केलेल्या खोलीत बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवणे, यांत कार्बन मोनॉक्साइड हा वायू साठतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. निजलेल्या माणसास तर काहीच कळत नाही. न्हाणीघरातील गॅसचा बंबही झरोका बुजविला असता असाच घात करतो. एकाच खोलीतील अनेकांचे डोके एकदम दुखू लागल्यास प्रथम दार उघडावे, सर्वांस उघड्यावर आणावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. शेक देणे बंद करा, असे सांगितल्यास घरची वडीलधारी मंडळी ऐकणार नाहीत. निखारे खोलीबाहेर पेटवावेत, शेक चालू असेतो दार व झरोका उघडा ठेवावा आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी, एवढे सांगितले तर मानतील.

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने आपल्या स्वयंपाकघराचे चित्र काढून हवा कोठून येते व धूर कोठून जातो, हे बाणांनी दाखवावे. ज्यांच्या घरी धुराडे नाही त्यांची नावे वर्गात वाचू नयेत. अशा घरी शिक्षकांनी सवडीने स्वतः जावे.