स्विच पत्ते कसे शिकतो?

– द्वितीय वर्ष, कला

संगणक-कक्षात मिणमिणत्या दिव्यांची एक चपटी पेटी आपण पाहतो. तिला 'स्विच' म्हणतात. नावावरून ते विजेचे बटण वाटेल. पण त्याचे काम टपालवाटपाशी अधिक जुळते. ते समजण्यास विज्ञान शाखेचाच विद्यार्थी असावे लागते असे नाही.

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात मांडली. त्या वेळच्या रचनेत सर्व संगणक एकाच तारेवर असत. एकाचे बोलणे सर्वांना ऐकू जाई आणि दोघे एकदम बोलले की दोघांचेही वाया जाई. स्विचमुळे ही अडचण दूर झाली.

संगणकाच्या जोडणीला ४८ बिटांचा 'मॅक' पत्ता असतो. माहितीच्या प्रत्येक पाकिटावर, म्हणजे फ्रेमवर, घेणाऱ्याचा व पाठविणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. समजा, 'अ' हा संगणक पहिल्या पोर्टला व 'ब' तिसऱ्याला जोडला आहे. स्विच नुकताच सुरू झाल्याने त्याचे कोष्टक कोरे आहे. 'अ'ने 'ब'ला फ्रेम पाठविली, की स्विच प्रथम पाठविणाऱ्याची नोंद करतो: 'अ', पोर्ट १. 'ब' कोठे आहे हे त्यास ठाऊक नसते. म्हणून ज्या पोर्टातून फ्रेम आली तो सोडून बाकी सर्वांकडे तो तिच्या प्रती धाडतो. 'ब' ती ठेवून घेतो, इतर टाकून देतात. 'ब'ने उत्तर दिले की दुसरी नोंद होते: 'ब', पोर्ट ३. यापुढे दोघांचे बोलणे तिसऱ्याच्या तारेवर जात नाही. सर्वांना उद्देशून दिलेली हाक मात्र सगळीकडेच जाते.

नोंदीला आयुष्य असते. सामान्यतः ३०० सेकंद एखाद्या पत्त्यावरून काहीच आले नाही, तर त्याची नोंद पुसली जाते. संगणक दुसऱ्या पोर्टला लावला, तर त्याची पहिली फ्रेम येताच नोंद बदलते.

दोन स्विच दोन तारांनी जोडले, तर सर्वांसाठीची हाक त्यांच्यात गरगर फिरत राहते व जाळे ठप्प होते. कारण फ्रेमवर थांबण्याची मर्यादा लिहिलेली नसते. राडिया पर्लमन यांनी १९८५ साली यावर तोड सुचविली: स्विचांनी आपसांत निरोप देऊन जादा वाट मिटून ठेवावी, व चालू वाट तुटल्यास ती उघडावी.

तरीही एक उणीव उरते. साधा स्विच पाठविणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. कोणी हजारो खोटे पत्ते पाठवून कोष्टक भरून टाकले, तर नव्या खऱ्या पत्त्यांना जागा उरत नाही. त्यांच्या फ्रेमा सगळीकडे जाऊ लागतात आणि त्रयस्थाला वाचता येतात. म्हणून एका पोर्टावर किती पत्ते स्वीकारावेत, याची मर्यादा घालता येते.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. अर्ज कोठे द्यावा, शिष्यवृत्ती कोठे मिळते, हे मी असेच ऐकून शिकलो. त्यामुळे मला वाटते, ऐकून शिकणाऱ्याला कोष्टकाइतकीच खातरजमेचीही गरज असते.