माहेरची वाट : साहित्यातील प्रेम, मृत्यू आणि हिंसा

निवासी शाळेतील मुलांना खून, मरण आणि प्रेमप्रकरणे असलेले साहित्य वाचावयास द्यावे काय, हा प्रश्न पालक-सभेत दरवर्षी कोणी ना कोणी उपस्थित करतो. त्यामागची काळजी आम्ही जाणतो. पोटचे लेकरू दहा-अकरा वर्षांचे असताना घरापासून दूर ठेवायचे आणि तेथे त्याच्या मनात भलतेच काही भरू नये, एवढीच ती काळजी असते. तिला जुनाट म्हणून उडवून लावणे आम्हांस मान्य नाही. मात्र या प्रश्नाचे पहिले उत्तर आपल्याच इतिहासात एका शाळकरी मुलीने देऊन ठेवले आहे.

मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मांग समाजाची विद्यार्थिनी. तिचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला, तेव्हा तिचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचे मस्तक कापून तलवारीने चेंडूसारखे खेळवीत, हे तिने लिहिले. इमारतींच्या पायात आपली माणसे जिवंत पुरली गेली, हे लिहिले. अंगावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांना थंडी-वाऱ्यात काय सोसावे लागते, हेही तिने लिहिले. आज आपल्या शाळेत नववीत असणाऱ्या मुलीच्या वयाची ती होती. हिंसेविषयी वाचण्याचे वय कोणते, असे आम्हांस विचारले जाते तेव्हा त्याविषयी लिहिण्याचे वय काय होते, हे आम्ही सांगतो.

आता प्रेमाचा प्रश्न. मरणावर बोलायला पालकांची फारशी हरकत नसते, शौर्यकथेतील हिंसेलाही नसते. ‘फकिरा’ कादंबरीतील राणोजीचे मस्तक उतरवले जाते, तो प्रसंग मुलांनी वाचावा असे सर्वांनाच वाटते. अडते ते प्रेमापाशी. आणि आम्हांस असे दिसते की, आपल्या समाजाच्या संदर्भात प्रेम, मृत्यू आणि हिंसा हे तीन धडे नाहीतच. तो एकच धडा आहे.

असे म्हणण्यास आधार बाबासाहेबांचा आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीचे मर्म काय, या प्रश्नावर त्यांनी विटाळ, व्यवसाय, रोटीव्यवहार ही सारी उत्तरे बाजूला सारली आणि जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीवर बोट ठेवले. ही सक्ती टिकवायची तर जातीच्या आत स्त्री-पुरुषांची संख्या समसमान राखावी लागते. नवरा मेला की बायको ‘अतिरिक्त’ ठरते, आणि ती जातीबाहेर पाहील ही भीती उरते. म्हणून तिला जाळायचे किंवा सक्तीच्या वैधव्यात कोंडायचे. बायको मेलेल्या पुरुषासाठी लग्नाच्या वयालाही न आलेली मुलगी शोधायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांची संगती त्यांनी अशी लावली. या निबंधात प्रेमकथा एकही नाही; तरीही, इतिहासाचे विद्यार्थी म्हणून सांगतो, भारतीय प्रेमकथा समजून घ्यायला याहून चांगली प्रस्तावना आमच्या वाचनात नाही. जातीची तटबंदी नेमकी कोठे खिंडार पडेल म्हणून घाबरलेली असते, हे त्यातून कळते. वीस वर्षांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटले, ते याच तर्काने.

इतिहासात याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण आपल्या सीमेलगत आहे. बाराव्या शतकात, कलचुरी राजा बिज्जळाच्या काळी, तेथील शरणांनी चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह लावला. परंपरा सांगते की, दोन्ही व्याह्यांना हालहाल करून ठार मारण्यात आले आणि त्यानंतर कल्याणनगरी रक्तात न्हाली. गिरीश कर्नाडांचे ‘तलेदंड’ हे कन्नड नाटक याच घटनेवर उभे आहे. वचने, प्रवचने, सर्वांनी एकत्र बसणे हे सारे राजसत्तेने बराच काळ चालू दिले होते. तलवार उपसली गेली ती लग्नानंतर.

या पार्श्वभूमीवर आम्ही दोन कथा शेजारी-शेजारी ठेवून शिकवतो. एक पाली वाङ्मयातील, दुसरी पडद्यावरची. दोन्हींत मुलगी संपन्न घरातील आहे, दोन्हींत ती खालचा मानल्या गेलेल्या मुलाबरोबर घर सोडते, आणि दोन्हींत मरण माहेरच्या वाटेवर भेटते.

पटाचारा ही श्रावस्तीच्या धनिक श्रेष्ठीची कन्या. घरातल्या सेवकावर तिचे मन जडले. आईवडिलांनी बरोबरीच्या कुळात लग्न ठरवताच ती त्याच्यासह निघून गेली आणि दूरच्या खेड्यात संसार करू लागली. दिवस राहिल्यावर तिला माहेर आठवले. नवरा टाळाटाळ करी. सासऱ्यासमोर उभे राहण्याचे भय त्याला होते. पहिल्या खेपेस ती एकटीच निघाली, वाटेतच बाळंत झाली, आणि दोघे माघारी फिरली. दुसऱ्या खेपेस अरण्यात वादळाने गाठले. आडोशासाठी फांद्या तोडायला गेलेला नवरा सर्पदंशाने मेला. रात्रभर दोन लेकरांवर अंगाचे पांघरूण करून तिने काढली. सकाळी नदीला पूर होता. थोरल्याला काठावर ठेवून ती तान्ह्याला पलीकडे पोहोचवून आली. थोरल्याला आणायला परत निघाली, तर मध्यधारेत असताना ससाण्याने तान्हे उचलले. तिने हात उंचावून आकांत केला; काठावरच्या थोरल्याला वाटले, आई बोलावते आहे. तो पाण्यात उतरला. पुढे श्रावस्तीच्या वाटसरूने सांगितले की, रात्रीच्या वादळात तिच्या माहेरचे घर कोसळले, आई, वडील आणि भाऊ एकाच चितेवर जळत आहेत. तो धूर पाहा.

‘थेरीगाथे’वरील अट्ठकथेत आणि ‘धम्मपदा’च्या अट्ठकथेत ही कथा येते. ती सांगताना अनेक वक्ते एक वाक्य हळूच पदरचे घालतात : आईबापांचा शब्द मोडला, म्हणून असे झाले. आमचा त्यास स्पष्ट विरोध आहे. भान हरपलेली, अंगावर वस्त्र नसलेली पटाचारा जेतवनात येते तेव्हा लोक तिला अडवू पाहतात. तथागत तिला येऊ देतात. ते तिला भगिनी म्हणून संबोधतात आणि भानावर येण्यास सांगतात. कोणीतरी आपले उपरणे तिच्याकडे टाकतो. ती कोणाबरोबर पळाली होती, त्याचे कुळ कोणते होते, यांविषयी तथागत अवाक्षर काढीत नाहीत. संसारात माणसांनी ढाळलेल्या अश्रूंपुढे चारही समुद्रांचे पाणी थोडे आहे, एवढे ते सांगतात. म्हणजे तिचे दुःख तिच्या एकटीच्या पापाचे फळ ठरवण्याऐवजी सर्वांच्या दुःखात आणून बसवतात. पुढे ती भिक्खुणी झाली, पाय धुताना जमिनीवर वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहून तिला अनित्यता उमगली, विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत ती अग्रगण्य ठरली, आणि पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या कितीतरी स्त्रियांची ती आचार्या झाली.

वर्गात या कथेवर मुली हमखास एक प्रश्न विचारतात : पटाचारा माहेरी पोहोचली असती, तर आईवडिलांनी तिला घरात घेतले असते का? कथा याचे उत्तर देत नाही. घर आधीच कोसळलेले असते.

दुसरी कथा या उत्तरापर्यंत जाते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातील परश्या यांची ही कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, म्हणून ती सांगत बसत नाही. ‘झिंगाट’वर जे प्रेक्षागृह नाचले, तेच शेवटी खुर्चीला खिळले, हेही सर्वांनी अनुभवले आहे. आम्हांस लक्ष वेधायचे आहे ते त्या शेवटाच्या रचनेकडे. हैदराबादेत संसार मांडून, मूल झाल्यावर, आर्ची आईला फोन करते. तो फोन म्हणजे पटाचाराचे अरण्यातून निघणेच होय. तीच ओढ, तेच लेकरू कडेवर. त्यानंतर भाऊ आणि नातलग आईने पाठवलेल्या भेटी घेऊन दारात येतात. आर्ची चहा करते. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते. ते परत येते तेव्हा आईबाप रक्ताच्या थारोळ्यात पडलेले आहेत. मारण्याची क्रिया दिग्दर्शकाने दाखवली नाही. पार्श्वसंगीत थांबवले. मूल रडत बाहेर चालू लागते आणि त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे मागे उमटत राहतात. त्याच्या रडण्याचाही आवाज आपल्यापर्यंत येत नाही.

पटाचाराचे माहेर वादळाने पाडले. आर्चीकडे माहेर चालत आले, साडी-चोळी घेऊन. निसर्गाने केलेला घात आणि माणसांनी विचारपूर्वक केलेला घात यांतील हा फरक मुलांना शब्दांत मांडता आला, की आमच्या मते अर्धा अभ्यास झाला. याच चित्रपटात आरंभी एक प्रसंग आहे : आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात प्राध्यापकांना थोबाडीत मारतो. प्रेक्षक तो विसरून जातात. शिक्षक असल्याने आम्ही विसरलो नाही. शेवटचा हात तोच आहे, आणि त्याला पहिल्या दिवशी कोणी धरले नव्हते.

२०१८ साली ‘धडक’ नावाने याची हिंदी आवृत्ती निघाली. तिच्यात नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी जिवंत राहते. जातीचा उल्लेखही पुसट होतो. शोक करायला एक मोठे माणूस उरले, की प्रेक्षक त्याच्याबरोबर रडून मोकळा होतो. ‘सैराट’मध्ये उरतो तो ज्याला बोलताही येत नाही. ते ओझे प्रेक्षकाला स्वतःच उचलावे लागते.

वर्तमानपत्रांनी मात्र या नावाचे भलतेच केले. काही महिन्यांतच ‘सैराटची पुनरावृत्ती’ हा मथळा रूढ झाला. मुलीचा खून बापाने केला, भावाने केला, हे सांगण्याऐवजी चित्रपटाचे नाव लिहायचे. म्हणजे घडले ते जणू कथानकाप्रमाणे आपोआपच. ‘प्रेमप्रकरणातून खून’ हा जुना मथळाही तसाच लबाड आहे. प्रेमातून कोणी मारले? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांतून अनैतिक संबंधांची कुजबुज पुढे आली. जमीन आणि जात ही कारणे बाहेर यायला आंदोलने व्हावी लागली. न्यायालयात शिक्षा झाल्या, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला गेला नाही. शब्द कोण निवडतो यावर न्यायाची दिशाही अवलंबून असते.

म्हणून आमच्या वर्गातील एक स्वाध्याय असा : विद्यार्थ्याने एखादी जुनी बातमी आणायची, तिच्यातील नावे खोडायची, आणि कर्ता स्पष्ट करून मथळा पुन्हा लिहायचा. ‘मुलीचा मृत्यू’ याचे ‘बापाने मुलीला मारले’ असे करताना मुलांचे हात अडखळतात. ते अडखळणे आम्हांस मोलाचे वाटते. याच्या जोडीला बाबुराव बागूल यांची १९६३ सालच्या संग्रहातील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही शीर्षककथा वाचायची. तिच्यातील मार खाणारा निवेदक मारणाऱ्या हातांच्या मागे उभ्या असलेल्या मनूकडे पाहतो. कर्ता शोधायचा, आणि कर्त्याच्या मागचा कर्ताही शोधायचा, हे बागूल एका कथेत शिकवतात.

कायद्याचे दोन तास आम्ही याला जोडले आहेत. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात विवाहाची नोटीस तीस दिवस आधी द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. त्या तीस दिवसांत नातलगांना पत्ता लागतो, हे मुलेच आम्हांस सांगतात. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप वा जातपंचायतीने ढवळाढवळ करणे बेकायदेशीर ठरवले, आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवास व जिल्हावार विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश दिले. आपल्या जिल्ह्यातील कक्ष कोठे आहे, हे शोधून काढणे दहावीच्या मुलांना दिलेले काम आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या वर्गात मुक्ता साळवेचा निबंध आणि पटाचाराची कथा घेतली जाईल. ‘सैराट’चा शेवट केवळ दहावीला, तोही दोन शिक्षकांच्या उपस्थितीत आणि नंतरच्या चर्चेसह दाखवला जाईल. ज्या पालकांना त्या दिवशी वर्गात बसावयाचे असेल, त्यांनी आगाऊ कळवावे. शेवटचे दोन बाक त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत.