वखारीची प्रतिकृती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खेळण्यातल्या रेल्वेवर लेख लिहावा, हे प्राध्यापकवर्गाला जरा चमत्कारिक वाटेल. परंतु मामाने परदेशातून आणलेल्या एका संचामुळे गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला जेवढा हिशेब करावा लागला तेवढा परीक्षेतही करावा लागला नव्हता. म्हणून हा प्रपंच.

संच होता अमेरिकेतील रेल्वेच्या कडेला असते तशा लाकडाच्या वखारीचा. प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर ते प्रतिकृतीत एक मिलिमीटर. पुण्यातील भाऊ जोशी यांचे १९९८ साली उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हा प्रकार नवा नाही. संचात एक कचेरी, एक मोठी छपरी आणि प्लॅस्टिकच्या कापीव फळ्यांचे ढीग होते. ओंडका मात्र एकही नव्हता.

आमचे घर सिल्वासाला. आजोबा तिथल्या एका वखारीत मुनीम होते. पुढे करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने आले, वखार मोडली, आणि त्या जागी आज एक शेड उभी आहे. वखारीचा एकही फोटो घरात नाही. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे. तेव्हा ठरवले की अमेरिकन वखार ठेवायची नाही, आजोबांचीच करायची.

पहिली अडचण ओंडक्यांची. सागाचा तीन मीटर लांब आणि १२० सेंटिमीटर घेराचा ओंडका घेतला, तर व्यास येतो सुमारे ३८ सेंटिमीटर. ८७ ने भागल्यावर जाडी साडेचार मिलिमीटरच्या आत आणि लांबी साडेचौतीस मिलिमीटर. या मापाला तुराटी उत्तम! शेताच्या बांधावर फुकट मिळते. तुकडे बारीक करवतीने कापावेत, सुरीने कापल्यास कड चेपते. साल राखाडी-तपकिरी रंगवावी. कापलेल्या तोंडावर मध्ये तपकिरी-सोनेरी गाभा आणि भोवती पांढुरके कडे काढावे, म्हणजे साग ओळखू येतो. खैराचा गाभा याहून पुष्कळ लाल.

फळ्यांच्या बाबतीत मी आधी फसलो. आइस्क्रीमची काडी फळीसारखी दिसते, पण तिची एक सेंटिमीटर रुंदी या प्रमाणात ८७ सेंटिमीटर होते. एवढी रुंद फळी कोण देणार? दोन मिलिमीटरची आगकाडी म्हणजे सतरा सेंटिमीटरचा चौरस वासा, ती चालते. एक इंची फळीसाठी जाडी हवी जेमतेम ०.३ मिलिमीटर. त्याला जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा बरोबर बसला. फळ्यांची थप्पी लावताना दर थरात आडव्या पट्ट्या घालाव्यात. खऱ्या वखारीतही त्या असतात, नाहीतर वारा खेळत नाही आणि ओले लाकूड वाकते.

छपरासाठी चॉकलेटची चांदी बारीक कंगव्यावर दाबून पन्हळी पत्रे केले आणि पातळ गेरूने गंज दाखवला. संचातल्या मूळ छपराचा रंग काढायला मात्र मी नखांच्या रंगाचे द्रावण वापरले, आणि सगळे प्लॅस्टिक मेणासारखे विरघळले. कोणी असे करू नये.

मांडणी झाल्यावर आजोबांना बोलावले. भिंग घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिले.

"अरे, सिल्वासात रेल्वे कुठली? माल वापीला जायचा, तोही रस्त्याने."

खरेच होते ते. रूळ उपटले आणि तिथे मालमोटार उभी केली. ज्यांना रूळ हवेच असतील त्यांनी बिलिमोरा-वघई लाइन करावी. डांगच्या सागासाठी बडोद्याच्या गायकवाडांनी बांधलेली ही लाइन अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची. बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ १:८७ ने ७८३ होतो; एवढा फरक डोळ्याला कळत नाही. आपल्या मोठ्या लाइनला असा तयार रूळ सहसा मिळत नाही. दांडेलीचा डेपोही करण्याजोगा आहे, असे आपल्या कन्नड विभागातील एका मित्राचे म्हणणे. (माझी आई बेळगावची. ती लाकडाला कन्नडमध्ये 'मर' म्हणते तेव्हा आजोबा अजून दचकतात.)

आजोबांचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर निघाला. "सगळे ओंडके एकाच घेराचे? असा लॉट लिलावात मी जन्मात पाहिला नाही. आणि हातोड्याची निशाणी कुठाय? निशाणी नाही, पास नाही, म्हणजे हा चोरीचा माल!"

मग तुराट्या पुन्हा कापल्या, जाड-बारीक. तोंडावर सुईने एकेक टोचा मारला. आजोबांनी कोरी वही मागितली आणि मला मोजायला बसवले. रीत अशी : घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. वरच्या ओंडक्याचे ३० सेंटिमीटर, वर्ग ०.०९, गुणिले तीन, म्हणजे ०.२७ घनमीटर. वर्तुळाच्या सूत्राने तेच ०.३४ च्या वर भरते. सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबात येतच नाही! मी ही चूक म्हणून दाखवली, तर आजोबा हसले. ओंडका चौकोनी करताना कडेचे जे जाते त्याची ती सूट आहे, म्हणाले. आमच्या कॉस्टिंगच्या वर्गात 'नॉर्मल लॉस' शिकवतात तो हाच, हे मला त्या दिवशी कळले.

वहीत चौसष्ट नग चढले. चिंचेचे झाड कचेरीच्या डाव्या अंगाला हवे होते, ते मी उजवीकडे लावले आहे. ते दिवाळीच्या सुट्टीत हलवायचे आहे. आजोबांच्या डोळ्यांचे ऑपरेशनही तेव्हाच आहे.